बिलबुकाच्या कागदातली नाणी

मी औषधं विकतो. म्हणजे दुकान नाही माझं, डॉक्टरांना भेटत फिरायचं काम आहे. नाशिकहून सकाळी निघायचं, वणी, कळवण, सटाणा, नामपूर करत दवाखान्यांच्या बाकांवर पेशंटांच्या शेजारी बसून राहायचं आणि डॉक्टरांनी आत बोलावलं की दोन मिनिटांत आपलं म्हणणं सांगून बाहेर पडायचं. दुपारी एक ते चार दवाखाने बंद असतात. या तीन तासांनी मला नाण्यांचा नाद लावला.

सुरुवात वणीत झाली. चहावाल्याने सुट्टे म्हणून अकरा कोनांचं दोन रुपयांचं जुनं नाणं दिलं, देशाचा नकाशा असलेलं. लहानपणी पाहिलेलं. त्यानंतर मी सालाखालची खूण बघायला शिकलो. हैदराबादला पाडलेल्या नाण्यावर चांदणी असते, नोएडाच्या नाण्यावर टिंब, मुंबईच्या नाण्यावर छोटा हिरा, कलकत्त्याचं नाणं बिनखुणेचं. मग कुणीतरी सांगितलं की बँकेत नोटा दिल्या तर नाण्यांची पिशवी मिळते. छोट्या गावांतल्या शाखा तर खूशच होतात, नाण्यांना तिथे गिऱ्हाईक नसतं. वणीजवळ देवीचा गड, म्हणून तिथल्या पिशवीत कुंकवाने लाल झालेली नाणी निघायची. नामपूरच्या पिशवीत कांद्याची सालं. गाडी झाडाखाली लावायची, मांडीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि निवडत बसायचं. हवी ती ठेवायची, उरलेली नाशकात द्वारकेच्या चौकातल्या टपऱ्यांवर देऊन नोटा घ्यायच्या. त्यांना सुट्टे लागतातच.

बायको म्हणायची, "सुट्टीच्या दिवशी पण नाणीच. मुलगी काय शिकतेय हे तरी माहीत आहे का तुला?" मला माहीत होतं. पण विचारलं असतं तर विषयांची नावं सांगता आली नसती.

नामपूरच्या शाखेत कॅशवर एक बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. पहिल्यांदा त्यांनी मला संशयाने बघितलं. पुढे ओळख झाली, तशी जुनं काही दिसलं की बाजूला ठेवू लागल्या. एका दुपारी त्यांनी काउंटरखालून दुधाची धुतलेली पिशवी काढली.

"ही कालच भरण्यात आलीय. तुम्हाला आवडेल म्हणून तशीच ठेवली. पावल्या होत्या यात, त्या आता चालत नाहीत, म्हणून परत केल्या."

मी तेवढ्या रकमेच्या नोटा दिल्या आणि गाडीत येऊन पिशवी उघडली. प्रत्येक नाणं कागदाच्या चौकोनात घडी घालून ठेवलेलं होतं. कागद पातळ, गुलाबी, बिलबुकातून कापलेला. आत बारीक अक्षरात लिहिलेलं: मालेगाव स्टँड, कंडक्टरने दिलं. सटाण्याच्या बाजारात, बोरवालीकडून. मुलीच्या शाळेची फी भरली तेव्हा उरलेलं. ऐंशीच्या वर नाणी होती, आणि दुर्मीळ म्हणावं असं त्यांत जेमतेम एखाददुसरं. पण मी पुन्हा पुन्हा त्या चिठ्ठ्याच वाचत राहिलो. माझ्याकडे शेकड्याने नाणी होती आणि एकही कुठून आलं ते मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या वेळी बाईंना विचारलं, कुणाची होती. त्या म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही आम्हाला." बरोबरच होतं. पण काही चिठ्ठ्यांच्या मागे छापील अक्षरं अर्धवट आली होती. चार-पाच जुळवल्यावर कळलं, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, नामपूरचंच. मी स्वतःवर खूश झालो. आज विचार करतो तेव्हा वाटतं, बाईंनी नाही म्हटलं होतं तिथेच थांबायला हवं होतं.

दुकान बंद होतं. शेजारच्या टेलरने सांगितलं, "चाचा आता दुकान उघडत नाहीत. मशिदीमागे घर आहे." मी गळ्यात टाय, हातात चामडी बॅग अशा वेषात तिथे गेलो. दार एका सडपातळ, पांढऱ्या दाढीच्या माणसाने उघडलं. मी म्हटलं, "चाचा, नाण्यांच्या संदर्भात आलोय."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. आत वळून ते म्हणाले, "अगं, आले बघ. मी सांगत होतो ना, माणूस येणार. गाडी घेऊन येणार."

आतून त्यांची बायको पदराला हात पुसत आली. माझ्याकडे पाहून ती जागच्या जागी थांबली.

"बसा साहेब," चाचा म्हणाले. "फोनवर तुमचा आवाज वेगळा वाटायचा. ते गाडीभाड्याचे पैसे पोहोचले ना?"

मला काही समजेना. मी म्हटलं, "कुठला फोन? मी पहिल्यांदाच येतोय." आणि गोंधळ मिटावा म्हणून खिशातली एक चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. "हे अक्षर तुमचंच ना?"

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. "माझंच आहे. तुम्हाला कुठं मिळाली?"

"इथल्या बँकेत. पिशवीत नाणी होती, अशीच बांधलेली."

चाचा उठले, कपाटावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. डबा जड होता, दोन्ही हातांनी धरावा लागला. झाकण उघडलं तर आत शिलाई मशीनचे स्क्रू, जुन्या बॉबिन आणि वर पसरलेल्या पावल्या. त्यांनी बोटाने पावल्या बाजूला केल्या, खाली पाहिलं आणि झाकण लावलं.

"मीच बँकेत दिली," चाची दारातून म्हणाली. "रोज फोन. आज नोंदणीची फी, उद्या टॅक्स, परवा गाडीभाडं. मशीनं विकली यांनी त्यापायी. म्हटलं, नाणीच नाय राहिली तर फोनवर काय सांगतील?"

मला आता सगळं कळलं. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो म्हणून फोन करणारी माणसं मला माहीत होती. मलाही असे फोन आले होते, मी हसून बंद केले होते.

चाचांनी मला विचारलं, "तुम्ही यातले जाणकार. खरं सांगा. माझ्या नाण्यांचे लाख मिळाले असते का?"

मी चाचीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हणालो, "नाही चाचा. एक-दोन नाण्यांचे थोडे जास्त येतील. बाकी पाचाचे पाच, दोनाचे दोन."

"आणि तो माणूस?"

"फसवत होता तुम्हाला."

ते बराच वेळ मान हलवत राहिले, हिशोब जुळल्यासारखे. "असं आहे तर," म्हणाले.

"आठ महिने मी हेच सांगतेय," चाची म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आठ महिने. आणि या भाऊंनी एकदा सांगितलं तर पटलं."

तिने केलेला चहा मी प्यालो. निघताना म्हटलं, "नाणी माझ्याकडे आहेत. पुढच्या खेपेला आणून देतो." चाचा म्हणाले, "आणा." मी आपला नंबर लिहून दिला. गल्लीच्या तोंडाशी मागून चाची आली. धाप लागली होती तिला.

"आणू नका, भाऊ. डबा भरला की परत सुरू होईल."

मी तिलाही बरं म्हणालो.

त्यानंतर दोन महिने मी नामपूर टाळलं. काही तरी सांगून तिकडचे डॉक्टर दुसऱ्याकडे दिले. मग लाज वाटली आणि एक दिवस सगळं घेऊन गेलो. पण पिशवी पहिल्यांदा घरी आणल्या आणल्या मी एक गोष्ट केली होती. नाणी चिठ्ठ्यांतून काढून, खुणेप्रमाणे लावून प्लास्टिकच्या कप्प्यांत ठेवली होती. चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात. तेव्हा ती मला मोठी व्यवस्थित गोष्ट वाटली होती.

चाचा ओट्यावर बसून एकेक चिठ्ठी आणि एकेक नाणं जुळवू लागले. काठ झिजलेलं, डाग पडलेलं असं एखादं नाणं ते ओळखत. पण सारख्या सालाची पुष्कळ होती. "बोरवालीचं हे नाही," ते म्हणायचे, दुसरं उचलायचे, "हेही नाही." पाऊण तासात वीसेक जुळली असतील. शाळेच्या फीची चिठ्ठी हातात घेऊन त्यांनी तीन नाणी पुन्हा पुन्हा उलटीसुलटी केली. मग तिन्ही खाली ठेवली.

"चाचा, माझी चूक झाली," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत," ते म्हणाले. जुळलेली वीस त्यांनी रुमालात बांधली. "बाकीची घेऊन जा. बाजारात चालतील." चाची त्या दिवशी बाहेर आलीच नाही. आत भांड्यांचा आवाज येत होता.

नामपूरच्या बँकेत मी आता नाण्यांसाठी जात नाही. बाईंनी एकदा विचारलं तेव्हा घरात जागा नाही असं सांगितलं. वणीलाही हळूहळू सुटलं. दुपारचे तीन तास मी गाडीत सीट मागे करून पडून राहतो.

चाचांचा फोन मात्र येतो, महिना-दीड महिन्यात एकदा. नव्या नंबरवरून पुन्हा कुणीतरी त्यांना गाठलेलं असतं. "तो म्हणतो, या वेळी फी आधी नाही, नंतर. हा खरा आहे का हो?"

मी सांगतो, "नाही चाचा. तोही तसलाच."

"बरं," ते म्हणतात आणि लगेच ठेवत नाहीत. मागे चाचीचा आवाज येतो, काय म्हणाले विचारत असते. ते तिला काही सांगत नाहीत. फोन धरून थोडा वेळ तसेच थांबतात, मीही थांबतो, आणि मला वाटत राहतं की एकदा तरी मी 'हो' म्हणावं असं त्यांना वाटतंय.