वाजवणार तूच, दिसणार सई

मी स्टेजवर कीबोर्ड मांडत होते. घडीचा स्टँड उघडून त्यावर कीबोर्ड ठेवला. अ‍ॅडॅप्टर लावला. मिक्सरकडं जाणारी वायर हातात होती, तेवढ्यात मराठी मंडळाच्या सेक्रेटरी मॅडम आल्या.

"इथं नको. पडद्यामागं लाव. इथं सईचा राहील."

सई त्यांची मुलगी. चौदा वर्षांची. तिला वर्षभर मीच शिकवत होते. उजवा हात बरा चालायचा, डावा जमतच नव्हता.

मी विचारलं, "मॅडम, सई वाजवणार?"

"वाजवणार तूच. दिसणार सई. स्टेजवर आपल्यातली मुलं दिसली पाहिजेत ना."

आपल्यातली.

मी वायर गुंडाळली. स्टँड उचलला. पडद्यामागं गेले. हे मी मुद्दाम सांगते. मी लगेच नाही म्हटलं नाही. गेले.

विद्यानगरच्या त्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं संमेलन होतं. शिकवणीसाठी पहिल्यांदा मॅडमच्या घरी गेले तेव्हा मी त्यांना काकू म्हटलं होतं. तेव्हा त्या हसल्या होत्या. मग विचारलं, "वडील काय करतात?"

"बँडमध्ये होते. सिकंदराबादला. क्लॅरिनेट वाजवायचे."

"हां, म्हणजे तुम्ही त्यातले."

त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना चिनी मातीचे कप आणि मला कागदाचा. "आणि काकू नको, मॅडम म्हण." मी म्हणू लागले. माझी मराठीही त्यांना खुपायची. आमची शाळा तेलुगूतली, गल्लीत दखनी, मराठी घरात बोलण्यापुरती. मी "हौ" म्हटलं की त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या, "हो म्हणावं. हौ काय?" मी घरी येऊन आरशापुढं हो, हो म्हणत बसायचे. लाज वाटते सांगायला.

मुलींचं समूहगीत होतं. मुलींचा सूर काळी दोनचा. कीबोर्डची पट्टी त्या सुराला आणली, व्हायोलिनचा आवाज लावला. पडद्याच्या फटीतून सई दिसत होती. नवा कुर्ता, केसांत गजरा, समोर आवाज शून्यावर ठेवलेला कीबोर्ड.

मी सुरू केलं. सईची बोटं हलू लागली. पहिलं कडवं झालं आणि मधल्या तुकड्यावर टाळ्या पडल्या. तो तुकडा मी बसवला होता. कामावरून आल्यावर, जेवण बाजूला ठेवून, आठ दिवस. लोक टाळ्या सईला देत होते आणि सई मान खाली घालून त्या घेत होती.

मी बटण दाबलं. कीबोर्ड बंद.

मुली दोन ओळी तशाच गायल्या, मग थांबल्या. सईची बोटं मात्र थांबली नाहीत. मुक्या पट्ट्यांवर ती वाजवतच राहिली. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

मॅडम धावत आल्या. "बंद पडला का?"

"नाही मॅडम. मी बंद केला."

"तुम्हाला वर आणलं की हे असंच होतं."

तुम्हाला म्हणजे कुणाला, ते त्या बोलल्या नाहीत. पडद्यामागं होते त्यांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मी स्टँड मिटला, कीबोर्ड पिशवीत घातला आणि स्टेजवरून, सगळ्यांसमोरून उतरून गेले.

बा घरी होता. सगळं ऐकून म्हणाला, "कायको बंद केलीस गं? वाजवून यायचं होतं. आपलं काम वाजवायचं."

बानं आयुष्यभर तेच केलं. नवरदेव मंडपात गेला की बँड बाहेर उभा. सगळ्यांना वाढून झालं की शेवटी बँडवाल्यांची पंगत. मला स्वर त्यानंच शिकवले. माझ्या बाजूनं तरी तो बोलेल असं वाटलं होतं.

त्यानंतर मंडळातल्या दोन घरांच्या शिकवण्या सुटल्या. निरोपही आला नाही. गेटवरच वॉचमननं सांगितलं. एकदा चिक्कडपल्लीच्या बाजारात सई दिसली. मी हाक मारली. तिनं मान फिरवली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. हसू तिच्या वाट्याला आलं होतं, तिच्या आईच्या नाही. ते मला अजून सलतं. तरी तो दिवस परत आला तर मी परत बंद करीन. फक्त आधी करीन, पहिल्या सुराच्या आधी.

आता दिवसा कपड्यांच्या दुकानात उभी असते. कधीमधी कुणाचा फोन येतो, कीबोर्डला येता का म्हणून. मी एवढंच विचारते, "मी कुठं बसणार? नाव घेणार का?" मग, कळवतो म्हणतात. कुणी कळवत नाही. कळवतील असं मला वाटतही नाही.

पण विचारल्याशिवाय मी कीबोर्ड उचलणार नाही.