मित्राच्या फाटकावरचा झेंडा

ओझरच्या विमान कारखान्यात मी आणि माझा मित्र एकाच खात्यात होतो. एकाच बसने जायचो, रिटायर झालो एकाच वर्षी, आणि नाशिकमध्ये घरं बांधली तीही शेजारी शेजारी. तो मुसलमान. रोज्यांत त्याच्यासमोर डबा उघडायची मला लाज वाटायची, तर हा पठ्ठ्या नुसत्या वासावरून भाजी ओळखायचा आणि वर मीठ कमी पडलंय म्हणायचा.

मागच्या निवडणुकीआधी शहराची हवा बिघडली. कुठे दगड पडले, मोबाइलवर व्हिडिओ फिरायला लागले. त्यातच आमच्या कॉलनीतून मिरवणूक निघायचं ठरलं. मंडळाची माणसं घरोघरी भगवे झेंडे देऊन गेली. त्याच्या दाराशी थांबली नाहीत. मला आधी बरं वाटलं, मग ध्यानात आलं. अख्ख्या गल्लीत बिनझेंड्याचं घर एकच दिसणार होतं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मिरवणुकीच्या दिवशी तो आणि भाभी मालेगावला लेकीकडे होते. मी एक जादा झेंडा मागून आणला आणि त्याच्या फाटकाला बांधला. विमानाचा बोल्ट हवेत ढिला होऊ नये म्हणून आम्ही पीळ देऊन तार लावायचो, तशीच तार लावली. मिरवणूक आली, ढोल वाजले, घोषणा झाल्या आणि पुढे गेली. त्याच्या घराची एक काचही फुटली नाही. मी बायकोसमोर चांगलाच भाव खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ते परतले. तो फाटकापाशी बराच वेळ उभा होता. झेंड्याकडे नाही, तारेकडे बघत होता. प्रत्येकाचा पीळ वेगळा असतो आणि माझा तो झोपेतही ओळखेल.

"तू बांधलास?"

"काळजी वाटली रे. थांब, लगेच काढतो."

मी पक्कड आणायला वळलो तर त्याने माझा दंड धरला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी मोबाइल घेऊन उभं होतं. साधं फोनवर बोलतही असेल.

"राहू दे," तो म्हणाला. "मी काढला काय नि तू काढलास काय, नाव माझंच येणार."

मग कॉलनीच्या ग्रुपवर त्याच्या घराचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, शेजारी असावेत तर असे. लोकांनी भराभर हात जोडले. त्यानेही जोडले. ते बघून माझी मलाच शिसारी आली, पण ग्रुपवर लिहू तरी काय?

ईदला मी आणि बायको नेहमीसारखे त्याच्याकडे गेलो. घरात दुसरं कुणीच नव्हतं. एरवी त्या दिवशी चपला काढायला जागा नसते. भाभी म्हणाल्या, "बरं वाटत नाही, येऊ नका, असं यांनी सगळ्या नातेवाइकांना कळवलंय." झेंडा उन्हाने विटला होता, तार मात्र हलली नव्हती.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "माफी कशाची? घर वाचलं." मग शीरखुर्म्याची वाटी माझ्यापुढे सरकवत त्याने शांतपणे विचारलं, "मी त्या दिवशी इथे असतो आणि नको म्हटलं असतं, तर तू ऐकलं असतंस?"

मी खोटं बोलू शकलो असतो. तेवढंही मला जमलं नाही.