दारमास्तर

आमचे मास्तर भित्रे होते. थोडेथोडके नाही. बैल फुरफुरला की भिंतीला चिकटायचे, आभाळ गडगडलं की हातातलं पुस्तक खाली पडायचं. कुठंही गेले की आधी दार शोधायचे आणि बसायचे ते दारातच. म्हणून आमच्या उमरावतीत त्यांना सगळे दारमास्तर म्हणत. खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं.

मी स्वतः कोणाला भीत नव्हतो. मिसरूड फुटलेलं, लग्न झालेलं, तिवशाकडून इथं बाजाराला कापसाच्या गाड्या हाकत होतो. आपलं नाव आपल्याला लिहिता आलं पाहिजे, एवढ्या हट्टानं पोरांमध्ये जाऊन बसलो. पोरं हसत. मास्तर मात्र मला 'गणपतराव' म्हणत, मग पोरं आणखी हसत.

सरकारनं मास्तर दिला होता, छप्पर दिलं नव्हतं. शाळा लिंबाखाली भरायची. तिकडं समुद्रापार कुठं लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडकला आणि इकडं कापसाला सोन्याचा भाव आला. जो तो वखारी बांधू लागला. सगळ्यात मोठी वखार चाचांची. चाचा म्हणजे कापसाचे व्यापारी, आवाज असा की गाडीचे बैल थांबावेत. मास्तर त्यांच्या दुकानापर्यंत जायचे आणि तसेच परतायचे. शेवटी चाचांनीच हटकलं, "ओ मास्तर, रोज काय पाहून राह्यले? चोरी करायची हाय का?"

मास्तर एका दमात बोलले, "वखारीचा एक कोपरा शाळेला द्या आणि तुमचा नातू शाळेत घाला."

"वा! जागाबी माही अन् पोरगंबी माहं?"

"नुसती जागा दिलीत तर उद्या काढून घ्याल. नातू आत बसला की शाळा तुमचीही होईल."

चाचा पोट धरून हसले. पण कोपरा दिला आणि नातवाला, यासीनलाही धाडलं.

वखारीत आल्यावर मास्तरांची एक तऱ्हा सुरू झाली. हजेरी आत घ्यायची नाही. मागच्या दारातून गल्लीत जाऊन उभं राहायचं आणि तिथून नावं पुकारायची. ज्याचं नाव येईल त्यानं 'हजर' म्हणत त्यांच्यापर्यंत चालत जायचं, मग पुढच्या दारानं परत आत. अंधार असो, ऊन असो, रोज. सारा बाजार टिंगल करायचा. मीही चिडायचो. एवढा बाप्या मी, पोरांमागं मेंढरासारखा चालायचो.

दिवाळी सरली आणि माल येऊ लागला. त्यातला थोडा माझ्याच गाडीतून यायचा. कापसाची पांढरी भिंत रोज थोडी पुढं सरकायची आणि शाळा रोज थोडी अंग चोरायची. त्या भिंतीजवळ आवाज घुमत नसे, मरून जाई. एके सकाळी पाहतो तर चाचांच्या मुनिमानं मागच्या दारापुढंच कापूस रचलेला. मास्तरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "गणपतराव, बरोबर चला. एकटा गेलो तर मी वाटेतूनच परत येईन."

दुकानात त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

"दार मोकळं करा, चाचा."

"काहून? माल काय बाहेर दवात भिजू देऊ? पुढचं दार हाय ना तुमाले!"

"मला भीती वाटते."

"कायची?"

"आगीची. आणि तुमचीही."

बसलेले दलाल खदखदून हसले. चाचा म्हणाले, "मंग जा ना वापस आपल्या लिंबाखाली!"

मला वाटलं, संपली शाळा. मास्तर हळूच म्हणाले, "जातो. पण यासीनलाही घेऊन जातो. तो त्या भिंतीला टेकूनच बसतो."

चाचांचं हसू थांबलं. हुक्क्याची नळी त्यांनी बाजूला ठेवली. "मुनीम, दार मोकळं करा. आत्ताच्या आत्ता."

त्याच हंगामात, भर दुपारी, वखार पेटली. ठिणगी कुठून आली ते आजवर कळलं नाही. पुढच्या दारात जाळ उठला आणि आत धूर असा भरला की स्वतःचा हात दिसेना. पोरं किंचाळू लागली. मीही पोरांतच बसलेलो, गाडीचा चाबूक हातात होता, त्याचा काय उपयोग? मी कोणाला भीत नव्हतो ना? त्या दिवशी पाय जागचे हलेनात.

सगळ्यात आधी बाहेर पळाले ते मास्तर. लोक अजून हे सांगून हसतात, आणि ते खरं आहे.

पण मग गल्लीतून आवाज आला. कापरा, रडवेला. हजेरीचा.

"यासीन!"

"हजर!"

एकेक नाव येत गेलं, एकेक 'हजर' माझ्या अंगाला घासून दाराकडं गेलं. शेवटी माझं नाव आलं. माझ्या तोंडातून आवाज निघेना.

"गणपतराव! अहो, हजर म्हणा हो!"

मी ओरडलो आणि त्या आवाजावर चालत गेलो. कोणी आत राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर गायब. चाचा शाळेच्या लिंबाखाली येऊन उभे, "कुठं गेला तो भेकड?" मी गाडी जुंपली. बडनेऱ्याच्या वाटेवर मास्तर बोचकं घेऊन चाललेले सापडले.

"चाचा फार रागावलेत का हो? वखार शाळेनं जाळली म्हणतात?"

"कोनी म्हनत नाही. दुसऱ्या वखारीची किल्ली घेऊन बसले हायेत तुमच्यासाठी."

मास्तरांनी बोचक्याची गाठ चाचपली. मग विचारलं, "तिला दारं किती आहेत?"

"दोन. पाह्यजे तं तिसरं पाडून देतो म्हनते."

तेव्हा कुठं ते गाडीत चढले. मागच्या बाजूला बसले, पाय बाहेर सोडून.

पुढं त्यांची बदली अकोल्याला झाली. तिथंही व्यापाऱ्यांच्या दारात असेच भीतभीत उभे राहिले म्हणतात, आणि शाळेला छप्पर मिळवलं. तिथंच वारले. मी नाव लिहिण्यापलीकडं फार शिकलो नाही, पण धुराचा वास आला की अजून जागीच थिजतो. कोणी पुकारेल म्हणून कान लागतो. आता पुकारणारं कोणी नाही.

परवा कापसाच्या कारखानदारानं गावच्या शाळेला मोठी खोली देऊ केली. पंचांनी हार आणला, किल्ली मला दिली. वयानं मोठा ना मी. मी विचारलं, "दारं किती?"

एकच, म्हणाले, आणि हसले.

हसू द्या. किल्ली तिथंच ठेवून आलो आहे. भिंतीत दुसरं दार पाडल्याशिवाय मी ती उचलणार नाही.