चेण्याच्या खोऱ्यात पांढरा सदरा

शाळेत पाखरांच्या कविता मी खड्या आवाजात, चालीवर म्हणायचो. सत्तरी आली तरी सगळ्या पाठ आहेत. "कावळा-कबूतर सोडून एक तरी पाखरू ओळखता का हो?" आमच्या सुमनने विचारलं आणि मी त्याच रविवारच्या पक्षिनिरीक्षणाला दोघांची नावं देऊन टाकली. बघायचा होता स्वर्गीय नर्तक. पांढराशुभ्र, फितीसारख्या लांब शेपटीचा. हिवाळा आपल्याकडे काढून मार्चअखेर तो निघून जातो आणि माझ्या गुडघ्यांची पुढच्या मार्चपर्यंतची हमी डॉक्टरही देत नाहीत.

भाईंदर पूर्वेहून काशिमिऱ्यापर्यंत रिक्षा, पुढे घोडबंदर रस्त्याने चेण्याला बस. रिक्षाचं भाडं आधीच ठरवा, पहाटे मीटर झोपलेला असतो. खोऱ्यात शिरलो तेव्हा दोन्हीकडचे डोंगर नुकते उजळत होते, ओढ्यात पाणी जेमतेम आणि पळस मात्र पेटलेला. मी तिथेच विरघळलो.

आमची मार्गदर्शक मेधा आठवडाभर बँकेत असते, रविवारी रानात. मला बघून तिने डोक्याला हात लावला.

"काका, मळखाऊ कपडे घाला म्हटलं होतं ना?"

मी परीटघडीच्या सदरा-लेंग्यात, सत्काराला निघाल्यासारखा!

"अहो, तो नर्तकसुद्धा पांढराच की!"

"त्याला कोण घाबरतंय? तुम्ही असं करा, इथे पुलावरच बसा. आम्ही जाऊन येतो."

माझा चेहराच पडला. एवढं येऊन पुलावर? तेवढ्यात सुमनने आपली मेंदी रंगाची शाल काढली आणि मला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलं. "आता झाड दिसताय. फक्त कविता म्हणू नका."

मेधा हसली आणि चला म्हणाली. पळसावर भोरड्यांचा कलकलाट होता, परतीच्या प्रवासाआधीची मेजवानीच. माझ्या घशात एकेक कडवं येत होतं, मी गिळत होतो.

डोहाजवळ मेधाने बोट वर केलं. समोर बांबूच्या बेटात तो बसला होता. सगळ्यांना दिसला. माझ्या दुर्बिणीत नुसती पानं! कुठे, कुठे, म्हणून मी हात हलवतोय, तोच सुमन खच्चून ओरडली, "अगं बाई! शेपूट बघा त्याची!"

पाखरू उडालं. ओढ्यावरून, अगदी आमच्या समोरून, कोवळ्या उन्हात ती पांढरी फीत लहरत लहरत पलीकडे गेली. दुर्बीण कधीच गळ्यात लोंबत होती. साध्या डोळ्यांनी पाहिलं मी! मेधा आधी रागावली, मग माझ्याकडे बघून हसायला लागली. शाल कधी घसरून पडली, कळलंच नाही.

येताना काशीगावात मिसळपाव खा. दुपारी जेवायच्या वेळेला घरी पोचता येतं.

संध्याकाळी शेजारच्या जिज्ञाभाभी दारात आल्या. सुमन हात पसरून सांगत होती, "इतनी लंबी पूँछ, भाभी!"

"अंकल, आपने देखा?"

मी तोंड उघडायच्या आत हिने उत्तर दिलं, "मैं चिल्लाई, तभी तो दिखा इनको!"

इतकी वर्षं पाखरांना मी चालीवर बोलावत आलो. समोर आणलं ते हिच्या बेसूर ओरडण्याने. मी भाभींकडे बघून मान डोलावली.