पुनवेपर्यंत थांबलेले बांगडे

आमच्या फ्रिजवर बारा महिन्यांचा एक तक्ता असतो. गाडीची तपासणी, दातांच्या डॉक्टरांच्या वेळा, कचऱ्याचा बिन कोणत्या रंगाचा कधी बाहेर ठेवायचा, सगळं त्यावर. आम्ही आयर्लंडमधल्या एनिसला राहायला आल्यावर शेजारच्या आयरिश आजोबांनी त्यात आपल्या नोंदी घातल्या: उन्हाळ्यात बांगडे, सप्टेंबरपासून बदकं, नोव्हेंबर ते जानेवारी फेजंट, म्हणजे लांब शेपटीचे रानकोंबडे. ते निवृत्त शेतकरी, एकटेच राहतात, सोबतीला एक म्हातारी कुत्री. त्यांचा एक पुतण्या अमेरिकेत असतो; तो वसंतात रानटी टर्की मारतो आणि फोटो पाठवतो. आजोबा मला ते फोटो दाखवत म्हणायचे, "हा आपल्याकडे मिळत नाही, तेव्हा तक्त्यात लिहू नकोस."

माझं माहेर पुण्याचं, शाकाहारी. मासा साफ करायला मी लग्नानंतर सासूबाईंकडून वेंगुर्ल्याला शिकले. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या, आणि जूनमध्ये आम्ही सासऱ्यांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, पण भाऊबंद सगळे होडीवाले. इकडे आल्यावर ते खिडकीशी बसायचे, ताटातलं अर्धं टाकायचे आणि रोज संध्याकाळी एकच वाक्य बोलायचे, "गो, माका तिकीट बदलून दी."

रिकाम्या घरात त्यांनी एकट्याने परत जाऊ नये, एवढंच आम्हा दोघांना हवं होतं. निदान व्हिसा आहे तोवर तरी. नवरा रोज काहीतरी कारण सांगून तिकिटाचं पुढे ढकलत होता. कारणं संपत आली होती.

जुलैच्या सुरुवातीला आजोबा दारात आले. बांगडे किनाऱ्याला लागलेत, शनिवारी भरतीच्या आधी धक्क्यावर जाऊ, तुझ्या सासऱ्यांनाही घे, म्हणाले. मला फार बरं वाटलं. समुद्राचं नाव काढल्यावर तरी बाबा उठतील. मी लगेच तक्त्यावर लिहिलं, डबा काय न्यायचा तेही ठरवलं.

बाबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आता दर्यो बंद. माशे गाबोळीन भरलेले आसतत. नारळी पुनव होयसर गळ टाकूचो नाय."

"बाबा, तो आपल्याकडचा समुद्र. इथे पावसाळा नसतो."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. सकाळपासून पाऊस पडत होता. "ह्यो काय मगे?"

नवऱ्याने तोंड फिरवून हसू लपवलं. मी म्हटलं, इथले नियम वेगळे, इथे आत्ताच हंगाम आहे. ते म्हणाले, "तुमी जावा. मी येवचंय नाय." आणि वर तिकिटाचं वाक्य.

नाही म्हणून सांगायला मीच शेजारी गेले. म्हाताऱ्या माणसाने प्रेमाने बोलावलं होतं, वाईट वाटेल म्हणून स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून कोकणात होड्या वर ओढून ठेवतात, श्रावणातल्या पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात आणि मगच होडी पाण्यात जाते. बाबांना ते मोडवत नाही.

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. भिंतीतलं एक लोखंडी कपाट दाखवलं. त्यात त्यांची बंदूक कुलपात असते.

"जानेवारी संपला की ही आत जाते, ती फेजंटसाठी नोव्हेंबरपर्यंत बाहेर येत नाही. मादी तर मी कधीच मारत नाही. माझे वडील म्हणायचे, बंद म्हणजे बंद. युवर मॅनचं, तुझ्या सासऱ्यांचं, बरोबर आहे. त्यांचा चंद्र कधी आहे?"

"ऑगस्टमध्ये. पण बांगडे तुमचे आत्ता आलेत ना?"

"असतील तेव्हाही. त्यांना सांग, मी थांबलोय. आणि तक्त्यावर लिही, नाहीतर तू विसरशील." हा टोमणा होता. मी काही विसरत नाही.

मी घरी येऊन बाबांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते खिडकीकडून माझ्याकडे वळून बसले. मग विचारलं, "तो गळ टाकूचो नाय? आमच्यासाठी?"

"नाही टाकणार म्हणाले."

"म्हणजे आता माका रवाक होया." आवाजात तक्रार होती, पण त्या संध्याकाळी तिकिटाचं वाक्य आलं नाही. एक माणूस आपल्या शब्दाखातर हंगाम सोडून बसलाय, त्याला टाकून जाणं त्यांना जमणारं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते कुंपणापाशी जाऊन त्या कुत्रीशी मालवणीत बोलू लागले.

पौर्णिमेला आम्ही चौघं धक्क्यावर गेलो. बाबांनी धोतर नेसायचा हट्ट धरला, वर माझ्या नवऱ्याचा रेनकोट. दोन्ही हातांत नारळ धरून त्यांनी समुद्राला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या दारात इली आसत…"

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो.

"ह्या शेजाऱ्यान पुनवेची वाट बघितल्यान, गळ टाकूक नाय. तेची राखण कर. आणि जी गेली, तिका सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा," आमच्याबरोबर तिसरा आवाज आला. आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली होती. त्यांना अर्थ सांगायचं मला त्या वेळी सुचलं नाही, आणि त्यांनी विचारलाही नाही.

भरती चढत होती, त्यामुळे नारळ पुन्हा पुन्हा पायऱ्यांशी परत यायचा. शेवटी आजोबांनीच जाळीच्या दांड्याने त्याला लांब ढकललं. मग पिसं लावलेल्या गळांची दोरी पाण्यात सोडली आणि काठी बाबांच्या हातात दिली. थोड्याच वेळात काठी वाकली. एका दोरीला चार बांगडे, पाठीवर गडद नागमोडी पट्टे. बाबांनी पहिला काढून आजोबांच्या बादलीत टाकला. "पयलो तेचो."

घरी येऊन त्यांनी मला चुलीपासून बाजूला केलं. गावाहून येताना त्यांनी बॅगेतून तिरफळं आणली होती हे मला त्या दिवशी कळलं. बांगड्याचं तिखलं त्यांनी स्वतः केलं, एक वाटी शेजारी पाठवली, आणि जेवताना दुसरी भाकरी मागून घेतली. नवरा ताटातून मान वर करत नव्हता. मी भाकरी वाढली.

ऑगस्ट संपताना ते ठरल्या तिकिटावर परत गेले. त्यांना मी इतकी वर्षं ओळखते, पण त्यांना थांबवणं मला जमलं नव्हतं. ते भिंतीपलीकडच्या एका माणसाने न समजवता केलं. त्याचे आभार कसे मानायचे हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तूर्त दर रविवारी डबा जातो.

नोव्हेंबरात दाराच्या कडीला दोन फेजंट लटकत होते. व्हिडिओ कॉलवर मी ते दाखवले. बाबांनी आधी विचारलं, "बंदी उठली मा?"

"उठली, बाबा. दोन्ही नर आहेत."

"मगे बरां." ते फोनच्या आणखी जवळ सरकले. "गो, तेका सांग, येत्या वर्षी अधिक म्हयनो आसा. पुनव उशिरा. घाई करू नको म्हणान. आणि माझा तिकीट त्या हिशोबान काढ."

मी नव्या वर्षाचा तक्ता अजून लावलेला नव्हता. त्याच दिवशी लावला.