फवारे काकाजींचा लाल दिवा

काकाजींचं आडनाव फवारे नव्हतंच. पण शहापूरला हायवेलगत त्यांची टिनाची शेड होती, तिथे गाडी घेऊन जाणारा प्रत्येक जण त्यांना फवारे काकाजीच म्हणायचा. एकानं तर लग्नाच्या पत्रिकेवर ‘श्री. फवारे, सहपरिवार’ असं लिहून पाठवलं, आणि काकाजी सहपरिवार जाऊन पोटभर जेवून आले. आधी ते मोहाडीच्या बाजारात धानावर औषध मारायचे पंप दुरुस्त करायचे. पुढे टर्बोच्या गाड्यांना फवारा बसवू लागले.

टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो. दाबलेली हवा तापते आणि इंजिन आतून ठोके देऊ लागतं. म्हणून त्या हवेत अर्धं पाणी, अर्धं मिथेनॉल बारीक फवारायचं. हवा गार झाली की गाडीकडून जास्त ताकद काढता येते. काकाजी याला ‘इंजिनले पाणी पाजनं’ म्हणत. शर्यतवाल्या पोरांना डोळा मारून सांगत, “पयले आपल्या इंजिनले पाणी पाजा, मंग दुसऱ्याले!”

नोझल तपासायला त्यांच्याकडे शाळेतली जुनी पाटी होती. तिच्यावर फवारून बघायचे. थेंब ओघळला की मान हलवायचे, “हा तं पाऊस झाला. मले दव पाहिजे.” मग पुन्हा खोलणं, पुन्हा फुंकणं. पाटीवर नुसता ओलसर धुरळा बसेपर्यंत गाडी मिळायची नाही.

मिथेनॉलच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. त्याची आग दिवसा दिसत नाही, म्हणून शेडमध्ये ओली पोती आणि बिडीला बंदी. कॅन कुलपात. कॅनवर त्यांनी स्वतः लाल रंगानं कवटी काढली होती, ती हुबेहूब भोपळ्यासारखी दिसायची. लोक हसू लागले तेव्हा खाली लिहिलं, ‘भोपळा नाही, जहर.’

मी तेव्हा मोहाडीला बँकेत होते आणि एक जुनी टर्बो गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळत होते. बाबांनी बजावलं होतं, “इंजिन फुटलं की गाडी भंगारात आणि हा नाद कायमचा बंद.” आमचे बाबा बोलले म्हणजे बोलले.

काकाजींनी फवारा बसवला आणि सोबत डॅशबोर्डवर एक लाल दिवा. फवारा थांबला की दिवा लागणार आणि टर्बोचा दाब आपोआप उतरणार. मला ते मुळीच पटलं नाही.

“काकाजी, ती दाब उतरवणारी वायर काढा ना. ऐन शर्यतीत दगा देईल.”

“वायर काढाची असन तं फवारा बी काढतो. घेऊन जाय तुही गाडी.”

झालं. वायर राहिली.

जहर ते मोजून द्यायचे, पाणी आपण घालायचं. पण बॅटरीचंच, ही सक्त ताकीद. आता मोहाडीत दर वेळी बॅटरीचं पाणी कोण शोधत बसणार? महिनाभर मी गुपचूप घरच्या बोअरचं घातलं. दिसायला काय स्वच्छ होतं!

नागपूरकडे एका धावपट्टीवर शर्यत होती. शेवटची फेरी. अर्ध्या अंतरापर्यंत मी चक्क पुढे होते, आणि लाल दिवा लागला. गाडीनं मान टाकली. शेजारचा भुर्रकन निघून गेला. मी दात-ओठ खातच शहापूर गाठलं.

“तुमच्या वायरनं हरवलं मला! सगळ्यांसमोर हसं झालं माझं!”

काकाजींनी नोझल खोलून तळहातावर आपटलं. क्षारांचा पांढरा चुरा पडला.

“काय टाकलं होतं?”

“...बोअरचं.”

“बापा! ज्या पाण्यात दाळ शिजत नाही, थे इंजिनले पाजून राहिली तू? दिवा नसता तं पिस्टनले भोक पडलं असतं. मंग बाबाले काय सांगतलं असतं?”

मी खरोखर कान पकडले. ते इतके हसले की ठसका लागला, आणि चहा मागवला.

पुढे माझी नागपूरला बदली झाली. गुडघे कुरकुरू लागल्यावर काकाजीही शेड बंद करून आपल्या गावी, एकोडीला धानाकडे गेले. ‘येते, येते’ म्हणत मी काही गेले नाही. गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते.

त्याच गाडीनं, त्याच इंजिनावर एकोडीला गेले. “फवारेंचं घर कुठे?” तिघांना विचारलं. तिघांचं एकच उत्तर, “फवारे? या गावात कोणीच नाही जी.” त्यांचं खरं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी एका बाईनं गाडीकडे निरखून पाहिलं. “थे गाडीले पाणी पाजनारे का?”

तिनं घर दाखवलं. काकाजींच्या बायकोनं, काकूंनी, आत नेलं, चहा केला. त्यांच्याकडून खरं नाव कळलं. इथे लिहीत नाही, लिहून कोण ओळखणार?

निघताना काकूंनी कोपऱ्यातून एक कॅन ओढून आणला. वर लाल अक्षरं, ‘बॅटरीचं पाणी. बँकवालीसाठी. बोअर नोको.’

“तीन साल झाले आणून ठेवलं,” काकू म्हणाल्या. “म्हणत, थे पोट्टी येन, अन् घाईघाईत आपल्याच बोअरचं टाकन.”

मी अंगणातच फवाऱ्याच्या टाकीचं झाकण उघडलं. अर्ध्यावरच्या खुणेपर्यंत ओतायचं होतं, पण डोळे भरून आले आणि खूण काही दिसेना.

“पुरे वं बाई,” काकू म्हणाल्या, “सांडून राहिलं.”