बायोडाट्याची मागची बाजू

नगरच्या एमआयडीसीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. नोकरी शोधणारा एक गडी माझ्याकडे येतो; मुलाखतीला निघाला की बायोडाट्याच्या नेहमी दोन प्रती काढतो. एक कंपनीत देतो. परत आला की पाणीसुद्धा न पिता, अडलेले प्रश्न दुसरीच्या मागे लिहून काढतो. चांगला गठ्ठा झालाय.

परवा तो ज्या जागेच्या मुलाखतीला निघाला होता, त्याच जागेसाठी आलेली एक पोरगी माझ्या बाकावर घाबरून बसली होती. यानं गठ्ठा सोडला आणि एकेक प्रश्न विचारून तिची तयारी करून घेतली.

नोकरी तिलाच लागली. काल ती पेढे घेऊन आली, तेव्हा मी मुद्दाम त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

पेढा हातात तसाच धरून तो म्हणाला, "ताई, माज्या कागदात न्हवता असा कुठला प्रश्न इचारला, तेवढं सांगा."